कागदाचा रंग, कापडाचा रंग

३ फेब्रुवारी

भोपळ्या,

आशीर्वाद नेहमीचेच समज, आज गोड लिहायची माझी तयारी नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर माझा आवाज कापतो आणि तू लगेच "ताई, रडतेस का?" म्हणून सुरू होतोस. शिवाय सोबतचा फोटो तुझ्या हातात पडायला हवा होता. मोबाइलवर पाठवला असता तर माझ्याकडे एक रंग, तुझ्याकडे दुसरा, आणि वर आपलं भांडण.

पुढचं वाचण्याआधी फोटो बघ. त्यातल्या पडद्याचा रंग कोणता, ते या पानाच्या मागे लिही आणि हे पान उत्तरासोबत परत पाठव. मग वाच.

लिहिलंस? बरं. हा एका नाट्यगृहाचा पडदा आहे. छत गळून त्याचा उजवा अर्धा कुजला. तो अर्धा नवा करायचा, डाव्या जुन्या अर्ध्याशी तंतोतंत जुळणारा. चारशे मीटर कापड आमच्या कारखान्यात रंगायचं आहे. व्यवस्थापकांनी नमुना म्हणून या फोटोच्या दोन प्रती पाठवल्या, त्यातली एक तुझ्याकडे. तुकडा मागितला तर म्हणाले, समितीच्या परवानगीशिवाय पडद्याला कात्री लागत नाही आणि समिती बसते दोन महिन्यांनी. फोनवर रंगाचं नाव विचारलं तर उत्तर आलं, "फोटोत आहे ना, अगदी तस्साच!"

मी फोटो माझ्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी नेला. एकतीस वर्षं मी रंगाची शेड तिथेच बघते, सकाळी दहाच्या उजेडात. मला पडदा दिसला सायीच्या रंगाचा. फिका, उबदार, किंचित पिवळट. मी वहीत तसं लिहिलं आणि खाली रंगाच्या हॉलमध्ये गेले. फोरमन म्हणाला, "बाई, साय कुठली? हा निळसर राखाडी आहे." मला वाटलं थट्टा करतोय. पण मग एकेक करून सतरा माणसांनी फोटो बघितला आणि सतराही जण निळसर राखाडी म्हणाले. कँटीनवाले काकासुद्धा, ज्यांना एरवी चहा आणि पाण्याच्या रंगातला फरक कळत नाही.

धाकट्या मालकीणबाई फार सौम्यपणे बोलल्या. तेच मला जास्त लागलं. "बाई, एकदा डोळे दाखवून या. तोवर सही फोरमन करतील."

तुला माहीत आहे सही म्हणजे काय. नमुन्याच्या तुकड्यामागे माझी सही नसेल तर आमच्याकडून हातरुमालसुद्धा बाहेर जात नाही. अख्खा कारखाना मला शेडवाल्या बाई म्हणतो. ती सही गेली तर मी कोण? आणि आईचे डोळे गेले तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. तीही म्हणायची, "खोलीत धूर झालाय का गं?" मला गेल्या महिन्यात अठ्ठावन्नावं लागलं.

तू रोज फोटो छापतोस. तुला काय दिसलं, ते खरं सांग.

तुझी,
ताई


८ फेब्रुवारी

ताईसाहेब,

तुमच्या चपलेच्या टप्प्याबाहेर उभा राहून नमस्कार.

उगाच घाबरलीस. फोटो बघितला, चष्मा लावून, चष्मा काढून, दुकानाच्या दिव्याखाली धरून. सायीचाच रंग आहे. मला तर शंकाच आली नाही. तुझ्या कारखान्यातल्या सतरा जणांना रंगाच्या वाफेनं काहीतरी झालं असेल.

तरी डॉक्टरांकडे एकदा जाऊन ये. तुझे डोळे बिघडलेत म्हणून नव्हे, त्या मालकीणबाईंचं तोंड बंद करायला. आणि समजा काही निघालंच, तर आजकाल शस्त्रक्रिया तासाभरात होते. मी येऊन राहीन. आमच्याकडे बागेकडची खोली तशी रिकामीच आहे, हे आपलं सहज लिहिलं.

जेवतेस ना वेळेवर?

तुझा,
भोपळ्या (आता बराच वाळलेला)

वन्सं, पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून चार ओळी घालते. मला पडदा सायीचाच दिसतो, शपथेवर. पण ह्यांना तो निळा दिसतो! काल जेवताना मी साय म्हटलं तर ह्यांनी मलाच वेड्यात काढलं. पानामागे निळा लिहिलं होतं, ते खोडरबरानं पुसलंय. उजेडात धरलं तर तुम्हाला दिसेल.


१२ फेब्रुवारी

भोपळ्या,

उजेडात धरलं. दिसलं.

मी तुझ्याकडे खरं मागितलं होतं. लहानपणी माझा निकाल वाईट लागला की तू "ताई, सगळ्यांनाच कमी मिळालेत" म्हणायचास. तेव्हा तू सात वर्षांचा होतास म्हणून मी ते गोड मानून घेतलं. आता तू पन्नाशीचा आहेस. तू खोटं बोललास आणि आता तुझी बायको खरं बोलत असेल तरी मला तो दिलासाच वाटतो. तुम्ही दोघं मिळून म्हातारीची समजूत घालताय असं वाटतं. मी कुणाचं खरं धरू?

डॉक्टरांकडे जाऊन आले. थेंब टाकले, दिवे मारले, ठिपक्यांची चित्रं दाखवली. डोळे ठणठणीत. मी खूश होऊन फोटो त्यांच्यापुढे धरला. म्हणाले, "निळसर आहे की हो." बाहेर नावं लिहून घेणारी मुलगी म्हणाली, "इश्श, निळा कुठे? पांढरट आहे." आता सांग.

इकडे प्रकरण पुढे गेलंय. फोरमननं निळसर राखाडी नमुना रंगवून हॉलमध्ये फोटोशेजारी धरला. इतका बेमालूम जुळला की मलासुद्धा कौतुक वाटलं. तेवढ्यात रंग मोजायचं यंत्र विकायला एक माणूस आला. त्यानं यंत्र फोटोवर टेकवलं, आणि यंत्रही म्हणालं निळसर राखाडी. मालकीणबाई माझ्याकडे बघेनात. पाच मार्चला चारशे मीटर हौदात उतरणार. त्याआधी मी निळ्या नमुन्यावर सही करायची, नाहीतर फोरमन करेल, आणि त्यानंतर सगळ्याच सह्या तोच करेल.

मी सही केलेली नाही. का नाही केली ते मला सांगता येत नाही. मला तो पडदा सायीचा दिसतो, एवढंच.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

कान धरून उभा आहे. धरले आहेत म्हणून अक्षर वाईट येतंय.

मी घाबरलो होतो. आई धूर धूर म्हणायची ते मला रोज आठवत होतं. तुला निळा सांगायला माझा हात धजला नाही. चुकलो. यापुढे तुझ्या डोक्यावर कावळा बसला तरी तो कावळाच आहे असं सांगेन.

आता महत्त्वाचं. तुझं पत्र वाचलं आणि मला जी टोचणी लागली ती अशी: माझी बायको आणि मी एकाच टेबलावर, एकाच दिव्याखाली, एकच फोटो बघून दोन रंग सांगतो, आणि आमच्या दोघांचेही डोळे चांगले आहेत. मग मी फोटो दुकानाच्या काउंटरवर चिकटवला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायला लागलो. पाच दिवसांत त्र्याण्णव माणसं. छप्पन्न निळा, एकतीस सायीचा, आणि सहा जण म्हणाले, "आमचे फोटो कधी मिळणार ते सांगा."

मग मी कामधंदा विचारायला लागलो. सायीचा म्हणणाऱ्यांत कोण होतं? टपालवाल्या बाई. माळी. दोन गवंडी. चौकातला पोलिस. आणि माझी बायको, जी दिवसभर मैदानावर मुलांना पळवते. निळा म्हणणारे बहुतेक दिव्याखाली राबणारे: छापखान्यातले, तळमजल्यावरचे शिंपी, रात्रपाळीच्या नर्सा. आणि मी. माझं दुकान तळघरात आहे, बावीस वर्षांत तिथे सूर्य आलेला नाही. एक भट्टीवाला मात्र जन्मभर आगीपुढे बसूनही सायीचा म्हणाला आणि त्यानं माझा सिद्धांत जरा नासवला. त्यामुळे नियम पक्का आहे असं मी म्हणत नाही. पण कल स्पष्ट आहे.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. सावलीतला उजेड निळसर असतो. पांढरा सदरा सावलीत नेला की त्यावर निळी झाक येते, कॅमेरा ती इमानदारीनं टिपतो, आणि लोक माझ्याशी भांडतात की नवरा निळा का छापला. कारण त्यांनी लग्नात बघितला तेव्हा सदरा पांढराच होता. बघताना आपला मेंदू उजेडाचा रंग न विचारता वजा करतो. सावलीत निळेपणा वजा, बल्बखाली पिवळेपणा वजा. त्यासाठी त्याला आजूबाजूला बघावं लागतं, की खिडकी कुठे, दिवा कुठे. तुझ्या फोटोत नुसता पडदा आहे आणि वीतभर लाकडी जमीन. ना खिडकी, ना दिवा. मेंदू मग सवयीचा उजेड गृहीत धरतो. तू एकतीस वर्षं उत्तरेच्या खिडकीशी बसलीस. तुझा मेंदू निळेपणा वजा करतो, आणि उरते साय. तुमच्या हॉलला खिडकी आहे का? नसणार. पिवळे दिवे असणार. तिथली माणसं पिवळेपणा वजा करतात, आणि मुळात निळसर असलेला कागद आणखी निळा होतो.

मी स्वतः रोज लोकांच्या फोटोंतली झाक काढतो आणि मला हे सुचायला पन्नाशी यावी लागली! कपाळाला हात लावलाय.

सोबत काळं पुठ्ठ्याचं कार्ड आहे, मधोमध छिद्र पाडलंय. ते फोटोवर ठेव, छिद्रातून फक्त पडद्याचा ठिपका दिसेल असं. स्वतः बघ, मग सगळ्यांना दाखव. काय दिसेल ते मी आधी सांगत नाही. या वेळी तुला माझ्यावर विश्वास ठेवावा लागू नये.

कान अजून धरलेलेच,
भोपळ्या


२५ फेब्रुवारी

भोपळ्या,

कान सोड. हात दुखतील.

कार्ड खिडकीशी नेलं, फोटोवर ठेवलं, आणि छिद्रातून मला निळसर राखाडी दिसला. मला! कार्ड उचललं तर साय. ठेवलं, निळा. उचललं, साय. लहान मुलासारखी दहा वेळा ठेव-उचल केली आणि मग एकटीच हसत बसले.

दुपारी मालकीणबाईंना आणि फोरमनला खोलीत बोलावलं. कार्ड ठेवून विचारलं, "काय दिसतं?" माझ्यासकट तिघांनाही निळा. माझं तोंड न बघता फोरमन म्हणाला, "चला, बाईंना पटलं एकदाचं." मी कार्ड उचललं आणि म्हटलं, "आता मला सायीचा दिसतो आणि तुम्हाला निळाच. कागद तोच, माणसं तीच." मग तुझं सावलीतल्या सदऱ्याचं सगळं त्यांना समजावलं, माझ्या नावावर खपवून.

मालकीणबाई हुशार आहेत. म्हणाल्या, "म्हणजे बाई, दोन्ही डोळे बरोबर. मग खरा पडदा कुठला?"

"ते फोटो सांगू शकत नाही," मी म्हटलं. "यंत्रानं कागदाचा रंग सांगितला, तो बरोबरच आहे. फोरमननी कागदाशी कापड जुळवलं, तेही बरोबर जुळलं. पण आपल्याला कागद रंगवायचा नाही. पडदा कुठल्या उजेडात उभा होता ते तिथे जाऊन बघायला हवं."

फोरमन म्हणाला, "आणि तिथे जाऊन निळा निघाला तर?"

मी पट्कन बोलून गेले, "तर त्याच दिवशी सही तुमच्याकडे. कायमची. वहीसकट."

बोलून गेले खरी. गुरुवारी तिघं बसनं निघतोय. मी लहान भांड्यात सायीचे तीन नमुने रंगवलेत आणि खिडकीत वाळायला टाकलेत. ओल्या कापडावर मी मत देत नाही, पण भोपळ्या, आज ओलं कापडसुद्धा दहादा जाऊन बघून आले. मला दिसतं ते माझ्या सवयीचं की पडद्याचं, हे मलाही ठाऊक नाही.

ताई


४ मार्च

ताई,

गुरुवार होऊन पाच दिवस झाले. तुझं पत्र नाही, फोन उचलत नाहीस. म्हणजे काय ते मला समजलं.

हे बघ, सही गेली तर गेली. कान उपटलेस तरी चालतील, पण एकटी कुढत बसू नकोस. बागेकडची खोली आम्ही रंगवून घेतलीय. कुठला रंग ते तू सांगू नकोस, मीही सांगत नाही. रविवारी न्यायला येतो.

भोपळ्या


६ मार्च

अरे मूर्खा,

न्यायला कुणाला येतोस? मला श्वास घ्यायला फुरसत नाही. चारशे मीटर हौदात आहेत आणि मी चार दिवस कारखान्यातून हललेले नाही, म्हणून पत्र नाही. फोन रंगाच्या पाण्यात पडला. आता क्रमानं ऐक.

पहाटेची बस, पाच तासांची. फोरमन वाटभर नमुन्याची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. नाट्यगृहात बाजूच्या दारानं शिरलो. व्यवस्थापक उत्साही माणूस, त्यांनी आम्हाला बघताच सगळे दिवे लावले. आणि समोर पडदा. सायीचा! मी ओरडलेच.

पण फोरमन म्हणाला, "थांबा बाई. एवढे पिवळे दिवे लावले तर पांढरी चादरपण सायीची दिसेल." आणि तो बरोबर बोलत होता. मला त्याचा राग यायला हवा होता, पण खरं सांगते, अभिमान वाटला. मी म्हटलं, "दिवे बंद करा."

रंगमंचाच्या बाजूला सामान आणायचं मोठं दार आहे, उत्तरेला उघडणारं. सकाळचे साडेदहा झाले होते. मी म्हटलं, पडद्याची मोकळी कड ओढून त्या दारात आणा. व्यवस्थापक समितीचं नाव काढायला लागले तर मालकीणबाई म्हणाल्या, "कात्री लावत नाही हो, नुसता ओढतोय." आणि पदर खोचून स्वतः पडदा ओढायला लागल्या. कड दारात आली. स्वच्छ दिवसाचा उजेड, वर मोकळं आकाश. फोरमननं आधी त्याचा निळा नमुना कडेवर ठेवला. शाई सांडल्यासारखा दिसला. मग मी माझे तीन ठेवले. पहिला जास्त पिवळा होता, तिसरा जरा मेलेला. उगाच फुशारकी मारत नाही. मधला मात्र असा बसला की मालकीणबाईंना तो उचलायला बोटानं चाचपावा लागला.

फोरमन हळूच म्हणाला, "बाई, मी चारशे मीटर निळं करून पाठवणार होतो."

व्यवस्थापकांना विचारलं, फोटो कधी काढला होता? म्हणाले, "दुपारी. दिवे बंद करून. वर त्या उंच खिडक्या आहेत ना, तेवढा उजेड पुरतो." वर बघितलं. खिडक्यांतून नुसतं निळं आकाश.

मालकीणबाईंनी पर्समधून फोटो काढला, पडद्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि हसायलाच लागल्या. "बाई, मला अजून निळाच दिसतो हो!" फोरमनलाही. दोघंजण पडद्याला हात लावून उभे आणि फोटो त्यांना निळाच! मीही हसले, आणि मग माझं रडू आवरेना. रंगमंचावर उभी राहून मी भोकाड पसरलं. मला माझे डोळे परत मिळाले होते, भोपळ्या. ते कुठे गेले नव्हते, पण परत मिळाले होते.

मी तिथेच, त्या दारात, मधल्या नमुन्यामागे सही केली. पेन फोरमननं दिलं.

आता ऐक काय काय झालं. कारखान्याच्या दारावर पाटी लागलीय: फोटोवरून शेड जुळवली जाणार नाही. यंत्र घेतलं, पण ते माझ्या खोलीत ठेवलंय आणि त्याच्याशी कोण बोलणार ते मी ठरवणार. हॉलच्या उत्तरेच्या भिंतीला खिडकी पाडतायत, गवंडी कालपासून ठोकतोय. तो म्हणे फोटोत साय बघतो. आणि फोरमन रोज सकाळी दहाला माझ्याकडे येतो, शेड शिकायला. तासभर आमचं कडाक्याचं भांडण होतं. फार मजा येते.

तू खोलीचा रंग सांगत नाहीस म्हणजे गुलाबी दिलास. रविवारी येते, राहायला नाही, जेवायला.

ताई


१० मार्च

शेडवाल्या बाई,

तुमचं पत्र मी काउंटरवर उभं राहून मोठ्यानं वाचलं. टपालवाल्या बाई, दोन शिंपी आणि पासपोर्टच्या फोटोसाठी बसवलेला एक गृहस्थ, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या गृहस्थाचा फोटो हसरा आला, तो चालणार नाही म्हणून परत काढावा लागला.

आता कबुली. मीही तुझं पत्र वाचून फोटो पुन्हा बघितला. सगळं माहीत आहे, उजेड माहीत आहे, पडदा माहीत आहे. तरी मला निळा दिसतो. या वेळी खरं लिहितोय.

पुढच्या वेळी जेवायला येशील तेव्हा लाटणं हातात घेऊन येऊ नकोस. खोलीबद्दल रविवारी बरंच बोललीस.

भोपळ्या


१९ एप्रिल

भोपळ्या,

निळा दिसतो तर दिसू दे. तू खरं सांगितलंस, मला तेवढं पुरे. खोली मात्र गुलाबी आहे, त्यात उजेडाचा काही दोष नाही.

काल त्या नाट्यगृहात दुपारचा प्रयोग होता. व्यवस्थापकांनी आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं. जुन्या पडद्याला नवं कापड जुळायचं तर त्यानं नवं दिसून चालत नाही, वीस वर्षांची धूळ आणि ऊनही रंगात घालावं लागतं. सात वेळा कापड खिडकीशी नेलं तेव्हा कुठे आम्हाला पटलं. आठव्या वेळी फोरमन म्हणाला, "बाई, आता बास." मी ऐकलं.

तर काल पडदा बंद होता. दोन्ही अर्धे शेजारी शेजारी, वरून खालपर्यंत. नवा आपला उजवीकडचा, पण लावताना त्यांनी बाजू बदलल्या असतील तर? मी बघत बसले. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. डोळ्यांत तेल घालून बघितलं. माझा कुठला, मला सांगता येईना.

शेजारी एक अनोळखी बाई बसल्या होत्या. त्यांना विचारलं, "या पडद्यातला नवा अर्धा कुठला हो?" त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं आणि म्हणाल्या, "नवा कुठला? एकच तर पडदा आहे."

नाटक सुरू व्हायला अजून पाच मिनिटं होती. मी उभी राहिले आणि एकटीनेच टाळ्या वाजवल्या. सगळं नाट्यगृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. म्हटलं, बघू देत.

तुझी,
ताई